सकाळचा अर्धा तास

मराठीत दुखण्याला जेवढे शब्द आहेत, त्याहून थोडे अधिकच शब्द आखडण्याला असावेत. मान अवघडते, कंबर धरते, पाठ भरून येते, खांदा जखडतो, बोटे आखडतात, गुडघे ताठतात. साताऱ्याकडची म्हातारी ‘गुडघं धरल्यात बघा’ असे म्हणते, आणि त्या ‘धरण्या’त कोणीतरी अदृश्य हाताने गुडघा पकडून ठेवल्याचा भाव असतो. शब्दांची एवढी श्रीमंती घरात नांदत असताना दवाखान्याची पायरी चढली की आपण ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. डॉक्टरांसमोर बसल्यावर एकच शब्द तोंडातून निघतो, ‘दुखतंय.’

वास्तविक दुखणे आणि आखडणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुखते म्हणजे वेदना होते. आखडते म्हणजे सांधा हलवायला गेले तर तो ऐकत नाही. मन पुढे गेलेले असते आणि अंग मागे राहिलेले असते. दोन्ही बहुधा एकत्र येतात, म्हणून आपण त्यांची एकच गाठोडी बांधतो. पण आजाराची ओळख पटवायची असेल तर कित्येकदा आखडणेच अधिक बोलके ठरते. ते केव्हा येते, कुठे येते आणि किती वेळाने सुटते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत निम्मे निदान असते.

अडचण अशी की या आखडण्याला एक खोड आहे. ते पहाटे येते आणि बाह्यरुग्ण विभागाची खिडकी उघडायच्या आत निघून जाते. डॉक्टर अकरा वाजता हात तपासतात तेव्हा बोटे बऱ्यापैकी चालत असतात. साक्षीदार कोर्टात हजरच होत नाही म्हटल्यावर खटला उभा कसा राहणार?

धार काढायची वेळ

माझ्या माहितीतल्या एका घरातली गोष्ट सांगतो. घर सातारा जिल्ह्यातले. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. सून बत्तीस वर्षांची, दोन मुले, गोठ्यात दोन म्हशी. पहाटे पाचला उठून धार काढणे, मग चूल, भाकऱ्या, मुलांची शाळा. एका हिवाळ्यात तिची बोटे पहाटे वळेनाशी झाली. सड धरता येईना. ती चुलीवरच्या कोमट पाण्यात हात बुडवून बसायची. नऊ-दहा वाजेपर्यंत हात मोकळे व्हायचे आणि ती इतर बायकांबरोबर रानात भांगलणीला जायची.

सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांना हिशेब जुळेना. ‘‘रानात खुरपं धराय हात चालत्यात, मग धार काढायलाच कसं चालंनात?’’ असे त्या शेजारणीला म्हणत. शेजारीण म्हणे, ‘‘आळस, दुसरं काय?’’ नवऱ्याने दोन दवाखाने दाखवले, दोन्ही दुपारचे. ‘अंगात रक्त कमी आहे’, ‘वाताचे आहे’ असे निदान झाले आणि दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. आठ महिने असेच गेले. शेवटी मिरजेला एका डॉक्टरबाईंनी तिची बोटे हातात घेतली आणि विचारले, ‘‘सकाळी उठल्यावर मूठ वळायला किती वेळ लागतो?’’ ती म्हणाली, ‘‘दोन तास तरी जात्यात, बाई.’’ नवरा चकित होऊन म्हणाला, ‘‘हे तू कधी बोलली न्हाईस!’’ ती म्हणाली, ‘‘कुणी इचारलंच न्हाई.’’

तिला आमवात होता. औषधे सुरू झाली, तीन-चार महिन्यांत फरक पडला, आज ती पुन्हा धार काढते. मात्र उजव्या हाताची दोन बोटे थोडी वाकडी राहिली, ती राहिलीच. त्या आठ महिन्यांची ती किंमत.

सांध्याच्या आत काय घडते

सांधा म्हणजे दोन हाडांची गाठ. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, भोवती पिशवीसारखे आवरण, त्या आवरणाला आतून एक नाजूक अस्तर, आणि ते अस्तर तयार करते ते वंगण. यात दोन प्रकारे बिघाड होतो. एक तर कूर्चा झिजते, किंवा अस्तराला सूज येते.

झिजेला डॉक्टर ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ म्हणतात. झिजलेला सांधा बसून राहिल्यावर आखडतो. सातारा-सांगली एसटीत तीन तास बसून उतरताना पहिली चार पावले जड जातात, मग गाडी सुरळीत चालू लागते. सकाळीही तसेच, पाच-दहा मिनिटे, फार तर अर्धा तास, की झाले मोकळे. मात्र दिवसभराच्या कामाने दुखणे वाढते आणि संध्याकाळ जड जाते. आपल्याकडे हा आजार बहुतेक गुडघ्यांवर येतो. वाढते वय, वाढते वजन, जुनी दुखापत ही त्याची प्रमुख कारणे. उकिडवे बसून केलेली वर्षानुवर्षांची भांगलण त्यात भर घालते.

सुजेचे गणित उलटे. अस्तर सुजलेले असले की रात्रीच्या विश्रांतीत सुजेचे पाणी सांध्यात आणि भोवती साठून राहते. शिवाय सूज वाढवणारी काही रसायने रक्तात पहाटेच्या सुमारास चढतात आणि ती उतरवणारे शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल त्या मानाने अपुरे पडते. म्हणून पहाट सर्वांत वाईट. हालचालीने ते पाणी हळूहळू पांगते, पण त्याला तास-दोन तास लागतात. काम केल्याने हे आखडणे वाढत नाही, उलट सुटते. सासूबाईंना न जुळलेला हिशेब नेमका इथे जुळतो. रानात हात चालतात आणि धारेला चालत नाहीत, हेच या आजाराचे लक्षण होते.

अर्धा तास आणि एक तास या दोन खुणा वैद्यकाने गंभीरपणे घेतलेल्या आहेत. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपला आमवात, ओळखण्यासाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १९८७ साली सात निकष ठरवले, त्यात किमान एक तास टिकणारे सकाळचे आखडणे हा एक निकष होता. २०१० च्या नव्या निकषांत रक्ताच्या तपासण्यांना महत्त्व आले आणि तो निकष वगळला गेला. तरी जाणकार डॉक्टर हा प्रश्न आजही विचारतातच, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

किती जणांचे हे दुखणे?

‘आमवात’ हा शब्द जुना आहे. माधवकराने ‘माधवनिदान’ या ग्रंथात या रोगाला स्वतंत्र प्रकरण दिले, त्याला बाराशे वर्षे तरी झाली. आधुनिक मोजदादही आपल्या जवळच झालेली आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न अशा ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमात घरोघरी फिरून पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे, स्नायू यांची काही ना काही तक्रार आढळली. आमवाताचे प्रमाण अर्धा टक्का निघाले.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला अर्ध्या टक्क्याची ताकद ठाऊक असते. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे ५८ लाख होती. त्यात ४० लाख प्रौढ धरले आणि भिगवणचेच प्रमाण लावले, तर वीस हजार माणसे होतात. हा माझा कागदावरचा अंदाज आहे, मोजणी नव्हे. तरी पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन-तीन पटींनी अधिक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे किती स्वयंपाकघरांत रोज पहाटे कोमट पाण्याचे पातेले लागत असेल, याची कल्पना येते.

घरच्यांना ओळखता येतील अशा खुणा सोप्या आहेत. दोन्ही हातांच्या बोटांचे मधले सांधे आणि मुठीची हाडे एकदमच सुजतात. बांगडी चढत नाही, मंगळसूत्राचा फासा लागत नाही, नळ पिरगळत नाही, भाकरी थापताना तळवा टेकत नाही. आणि हे सारे सकाळी अधिक. सहा आठवड्यांहून जास्त असे चालले असेल तर ‘थंडीमुळे असेल’ म्हणत उन्हाळ्याची वाट पाहू नये. पहिल्या काही महिन्यांत उपचार मिळाले तर सांधे वाचतात. एकदा खाल्लेले हाड औषधाने परत येत नाही.

भरतीची तयारी करणारा पोरगा

बाईला आळशी ठरवले जाते, तसा दुसरा एक आळशी घरोघरी असतो, तो म्हणजे विशी-पंचविशीतला मुलगा. सातारा जिल्ह्यात सैन्यभरतीची परंपरा मोठी. पहाटे रस्त्याने धावणारी पोरे हे इथले नेहमीचे दृश्य. त्यातल्या एखाद्याला पहाटे तीन-चारला कंबर ताठल्यामुळे जाग येते. कूस बदलता येत नाही. सकाळी तासभर तो काठीसारखा चालतो. दहा वाजता मात्र मैदानावर व्यायाम करतो आणि रात्री मित्रांबरोबर हिंडतो. वडील म्हणतात, ‘‘हिंडायला कंबर दुखत नाही वाटतं!’’

खरे म्हणजे हिंडल्यावर कंबर मोकळी होणे हीच इथली मेख आहे. ओझे उचलून भरलेली कंबर विश्रांतीने बरी होते आणि कामाने दुखते. ‘अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस’ या आजारातली कंबर विश्रांतीने आखडते आणि हालचालीने सुटते. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली आणि तीन महिन्यांहून अधिक टिकलेली अशी कंबर असेल तर संधिवाततज्ज्ञाला दाखवावे. या आजाराचा एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेला संबंध १९७३ साली उघड झाला, तेव्हापासून निदानाला मदत झाली. तरीही कित्येक तरुणांची पाच-सात वर्षे ‘गादी सरकली आहे, पडून राहा’ या सल्ल्यात जातात. पडून राहणे हे तर या आजाराला खतपाणीच. उपचार न झाल्यास काहींच्या कण्याचे मणके एकमेकांना जुळत जातात आणि माणूस कायमचा वाकतो.

वाकण्यावरून आठवले. चिकुनगुनिया या शब्दाचा अर्थच मुळी ‘वाकवणारा’ असा आहे. १९५२ साली आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, साथ आली तेव्हा तिथल्या माकोंडे भाषेतून हे नाव पडले. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला १९७३ साली या तापाची मोठी साथ येऊन गेली होती. नंतर तीस वर्षे तो जणू देशातून गेला आणि २००५-०६ मध्ये परतला. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या गावागावांतून तरुण माणसेही भिंत धरून चालत होती. ताप आठवड्यात गेला; आखडलेले घोटे आणि मनगटे काहींना महिनोन्‌महिने पुरली. ताप येऊन गेल्यानंतरचे असे आखडणे बहुधा सुटते. तीन महिन्यांनंतरही ते टिकले तर मात्र पुन्हा तपासून घ्यावे.

सांधा निर्दोष, तरी अंग ताठ

प्रत्येक आखडणे सांध्याचेच असते असे नाही. मधुमेहाचे उदाहरण घ्या. साखर दीर्घकाळ चढी राहिली की त्वचा आणि स्नायुबंध कडक होतात. देवापुढे हात जोडले तर दोन्ही तळवे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, मधे फट राहते. डॉक्टर ही खूण मुद्दाम नमस्कार करायला लावून पाहतात. गोठलेला खांदा, ज्याला सारे ‘फ्रोजन शोल्डर’ म्हणतात, तोही मधुमेह्यांत अधिक. हात मागे जात नाही, सदरा चढवता येत नाही, अंबाडा बांधता येत नाही. तासगाव भागात द्राक्षबागेत मांडवाखाली हात वर करून तासन्‌तास घड विरळणाऱ्या बायकांना खांदा दुखण्याचे कारण कामात सापडते आणि तिथेच शोध थांबतो. अशा वेळी एकदा साखर तपासलेली बरी. थायरॉइडचा रस कमी पडला तरी स्नायू जड आणि ताठ होतात. सोबत थंडी सोसत नाही, आवाज घोगरा होतो, वजन वाढते.

कंपवाताचे तर नावच फसवे आहे. पार्किन्सनच्या आजाराला आपण कंपवात म्हणतो, म्हणून हात कापत नाही तोवर कोणाला शंका येत नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली आपल्या निबंधाला कापणाऱ्या लकव्याचेच नाव दिले होते. प्रत्यक्षात काही रुग्णांत आधी येतो तो ताठरपणा, तोही एका बाजूचा. चालताना एक हात हलत नाही, पाऊल फरफटते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. बँकेत असताना निवृत्तिवेतनधारकांच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहणे हे माझे रोजचे काम होते. आमवाताने बोटे वाकलेल्यांची सही मोठी आणि तुटक व्हायची. काहींची मात्र वर्षागणिक बारीक होत जायची. पहिले अक्षर बरे आणि शेवटचे मुंगीएवढे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले होते, ‘‘साहेब, हात कापत नाही, पण पेन पुढे सरकत नाही.’’ अक्षर लहान होत जाणे हे या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे. त्यावरची औषधे चांगली आहेत, आणि ताठरपणावर ती बऱ्याचदा कापण्यापेक्षाही चांगली लागू पडतात.

इथे औषधांच्या डब्यातही एकदा डोकवावे. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड, मनोविकारांवरची काही औषधे, यांनीही हुबेहूब पार्किन्सनसारखा ताठरपणा येऊ शकतो. असे वाटले तर आपल्या मनाने औषध बंद करू नये. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

काही ताठरपणा मात्र वाट पाहू देत नाही. ताप, उलटी, डोकेदुखी आणि मान ताठ झाली, तर मेंदूज्वराची शक्यता असते. जखम होऊन गेल्यावर जबडा उघडेनासा झाला, तर धनुर्वाताची. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि मांड्या सकाळी एकदम जखडू लागल्या आणि नव्याने डोके दुखून नजर अंधूक झाली, तर डोळ्यांना धोका असतो. या चारही प्रसंगी उद्याची सकाळ उजाडू न देता रुग्णालय गाठावे.

पुडीतला चमत्कार

मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, तेव्हापासून कर्नाटकातली आणि कोकणातली माणसे उपचारांसाठी मिरजेची वाट चालत आली. आज सांगली-मिरज, कऱ्हाड, सातारा इथे तज्ज्ञांची वाण नाही. तरीही सांध्यांच्या बाबतीत माणसे आधी पुडीवाल्याकडे जातात. आठवडी बाजारात, एसटी स्टँडजवळ, नाव-गाव नसलेल्या पुड्या मिळतात. पहिल्या आठवड्यात चमत्कार होतो. जखडलेला माणूस टणाटण चालू लागतो.

या चमत्काराचे रहस्य कित्येकदा एकच असते, पुडीत मिसळलेले स्टेरॉइड. हे औषध मुळात वाईट नाही. अमेरिकेत फिलिप हेन्च यांनी १९४८ साली आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० चे नोबेल त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाले. पण लवकरच त्याचे दुष्परिणामही दिसले. डॉक्टरांच्या हातात, मोजून दिलेले, ठरवून कमी केलेले स्टेरॉइड आजही प्राण वाचवते. पुडीतले मात्र मोजलेले नसते. त्याने चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. आणि ते एकदम थांबवले तर माणूस कोसळूही शकतो. आतला आजार तर सांधे खातच राहतो.

आमवातावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे आणि नीट घेतले तर उत्तम आहे. त्याची एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. सांध्यांसाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. वार ठरवून तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने लिहावा, रक्ताच्या तपासण्या चुकवू नयेत आणि मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे. हळदीच्या बाजारपेठेत राहून हळदीला कमी लेखणे मला शोभणार नाही. लेप जरूर लावा, दूध जरूर प्या. पण ते या गोळीच्या जागी नव्हे.

झिजेचे उपाय साधे, म्हणूनच दुर्लक्षित. वजन पाच-सात किलोंनी उतरवणे, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, गरम पाण्याचा शेक, जमिनीऐवजी खुर्ची. आमवात असो वा झीज, सुजेचा जोर ओसरल्यावर सांधा हलता ठेवावाच लागतो. गुडघा दुखतो म्हणून चालणे सोडले की मांडी वाळते आणि गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो.

घड्याळ पाहा

दवाखान्यात जाण्यापूर्वी आठवडाभर एक काम करावे. जुन्या डायरीच्या पानावर रोज तीन गोष्टी लिहाव्यात: किती वाजता उठलो, कुठले सांधे आखडलेले होते, किती वाजता अंग मोकळे झाले. जमल्यास पहाटेच सुजलेल्या बोटांचा मोबाइलवर एक फोटो काढावा. ‘लई दुखतंय’ या शब्दांपेक्षा ‘साडेपाचला उठले, साडेसातला मूठ वळली’ हे वाक्य डॉक्टरांना अधिक सांगून जाते. अकरा वाजता गैरहजर असणारा साक्षीदार असा कागदावर हजर करता येतो.

पण ही नोंद बहुतेक वेळा दुसऱ्यानेच करावी लागते. जिचे हात आखडतात तिला पहाटे पेन धरता येत नाही, आणि तक्रार सांगायची तिला सवयही नसते. घरातले कोणी उठताना भिंतीचा आधार घेत असेल, कपबशी दोन्ही हातांनी उचलत असेल, सदऱ्याच्या गुंड्या लावायला दुसऱ्याला बोलावत असेल, तर ‘वय झालं’ किंवा ‘आळस’ म्हणण्याच्या आधी जवळ बसून विचारावे, ‘‘मोकळं व्हायला किती वेळ लागतो?’’ उत्तर अर्ध्या तासाच्या आतले आले तर व्यायाम आणि वजनाकडे बघा. एक तासाच्या पुढे गेले तर डॉक्टरांची वेळ घ्या, आणि तोवर सकाळची धार दुसऱ्या कोणीतरी काढावी.